एकच लादी, दारापासून गॅलरीपर्यंत

मानसीला घर मोठं करायचं होतं. चारशे वीस चौरस फुटांचं घर मोठं कसं करणार, असं तुम्ही विचाराल. मुलुंड पूर्वेच्या जुन्या सोसायट्यांत त्याला एकच उत्तर आहे. भिंती हलत नाहीत, तेव्हा लादी बदला.

हे ज्ञान तिला तेजलच्या घरी मिळालं. तेजल तिची मावसबहीण, ठाण्याच्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेली. तिथे दारातून आत पाऊल टाकलं की एकच फिकट बिस्किटी लादी थेट खिडकीपर्यंत धावत गेलेली. हॉल कुठे संपला आणि बेडरूम कुठे लागली, कळायचंही नाही. मानसी चहा प्यायचा सोडून लादीकडेच बघत बसली. घरी आल्यावर तिला स्वतःचं घर पहिल्यांदा तुकड्यातुकड्यांचं वाटलं. हॉलला तांबडी लादी, आतल्या खोलीला पांढरी ठिपक्यांची मोझॅक, दोन्हींच्या मध्ये काळ्या कडाप्प्याची पट्टी, आणि हॉलच्या पलीकडे चार बोटं खाली उतरणाऱ्या गॅलरीत हिरवे चिनी तुकडे. तीन खोल्या आणि तीन पक्ष, युती कुठेच नाही. सतरा वर्षं ती हीच लादी पुसत होती, आणि या घरात एकही गोष्ट आपण निवडलेली नाही, हे तिला आत्ता कळत होतं.

नवरा तयार होता. सुयोग तसा कशालाही तयार असायचा, फक्त एका अटीवर.

"आप्पांना विचार. घर त्यांचं आहे. ते हो म्हणाले की मी हो."

आप्पा म्हणजे सासरे, दशरथ पेडणेकर. वय शहात्तर, मूळ कणकवलीकडचे. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी चोवीस वर्षं लेथ चालवली. सूतभर फरक नुसत्या अंगठ्याने सांगणारा माणूस. सासूबाई गेल्यापासून बोलणं कमी झालेलं, पण आपला चहाचा कप आपण धुणारे, आपली लुंगी आपण वाळत घालणारे. सुनेला त्यांचा कधी त्रास नव्हता. ते मानसी स्वतःच सगळ्यांना सांगायची.

आणि अशा माणसाने लादीवरून हट्ट धरावा!

"बदला खुशाल," ते म्हणाले. "पण हॉल तांबडो, आतली खोली पांढरी, नि मधी काळी पट्टी. गॅलरीक येगळो रंग."

"अहो आप्पा, मग बदलायचं कशाला? आत्ताही तेच आहे की!"

"मगे नको बदलू."

कारण सांगेनात. तेजलच्या घराचे फोटो मोबाईलवर दाखवले तर म्हणाले, बरा आसा, आणि मोबाईल परत दिला. दुकानदाराने सांगितलेलं सगळं मानसीने ऐकवलं, की हल्ली शेजारच्या खोल्यांना एकच रंग घेतात, निदान एकाच कुळातले तरी घेतात, म्हणजे नजर अडत नाही. आप्पा म्हणाले, "नजर अडूकच व्हयी." तीन आठवडे हा खेळ चालला. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं तिने तेजलला फोनवर सांगितलंसुद्धा.

नवरात्र झाल्यावर एका दुपारी ती दुकानातून सॅम्पलचे तुकडे घेऊन आली. सुयोग ऑफिसात, मुलगी प्रांजल क्लासला. घरात ती आणि आप्पा दोघंच. ऊन नको म्हणून पडदा ओढलेला होता. तिने टीपॉयवर तीन तुकडे मांडले. एक गडद तपकिरी, आप्पांच्या समाधानासाठी. उरलेले दोन तिच्या मनातल्या बिस्किटी लादीचे, एक चकचकीत आणि एक मॅट. आता शेवटचं समजावायचं, नाहीच ऐकलं तर नाद सोडायचा, असं तिने ठरवलं होतं.

आप्पांनी हात पुढे केला. तुकड्यांवरून बोटं फिरवली. मॅट बिस्किटी तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हो तांबडो मा?"

बिस्किटी तुकड्याला तांबडा म्हणतायत! मानसीला वाटलं, चेष्टा करतायत. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. ते तुकड्याकडे बघत होते, पण नजर तुकड्याच्या जरा बाजूला, टीपॉयच्या कडेवर लागली होती. तपकिरी तुकडा त्यांच्या मनगटाशी पडला होता, त्याचा त्यांना पत्ता नव्हता.

तिला कळलं. पुढे सात महिने तिने स्वतःला कितीही समजावलं, तरी हे खरं होतं की तिला त्याच क्षणी कळलं. आप्पांना दिसत नाही. फोटो नीट न बघताच मोबाईल परत का दिला, तेही कळलं. तांबडं-पांढरं-काळं हा हट्ट नव्हता. त्या रंगांवरून ते घरात चालत होते. पट्टी आली की दार आलं, हिरवं लागलं की पायरी आली.

"मानसी? हो तांबडो मा?"

"हो आप्पा," ती म्हणाली. "तोच."

"नि हो पांढरो?" त्यांनी चकचकीत तुकडा उचलला.

"हो."

"नि मधी काळी पट्टी घालतलो ना तो मिस्त्री?"

"सांगते त्याला."

"मगे चलात."

संध्याकाळी सुयोगने विचारलं, तेव्हा आप्पाच म्हणाले, "मानसीन दाखवल्यान, मी हात लावून निवडलंय." सुयोगने बायकोकडे कौतुकाने पाहिलं. एवढा हट्टी म्हातारा वळवला, वा! मानसी भाजी परतायला आत गेली. डोळ्यांचं नंतर बघू, तिने मनाशी म्हटलं, आत्ता सांगितलं तर डॉक्टर, तपासण्या, धावपळ, आणि लादी जी राहील ती राहीलच. एकदा काम होऊ दे. दिवाळी होऊ दे. नंतर शांतपणे सांगू. मनाला कारणं द्यायला बसलं की मन काही कमी खात नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी आप्पांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. पेडणेकरांकडे स्कूटर घेतली तरी गाऱ्हाणं असतं. नंदू मिस्त्री छिन्नी-हातोडा घेऊन बाजूला उभा, हॉलच्या मधोमध नारळ आणि विडा, आणि आप्पा डोक्याला टोपी घालून हात जोडून म्हणत होते, "बा देवा म्हाराजा, आज ह्या घराची जुनी लादी काढून नवी घालतंव. लेकरांबाळांनी राजीखुशीन ह्या काम हातात घेतलेला आसा. तेच्यात काय चूकभूल झाली आसात, कोणाच्या मनात काय वाकडा इला आसात, तर ता पोटात घाल, नि सगळ्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सुयोग आणि प्रांजल एका सुरात ओरडले. मानसीने नुसते ओठ हलवले. गाऱ्हाण्यात हे शब्द नेहमीच असतात, दर वेळी असतात, तिने सतरा वर्षं ऐकले होते. पण चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, देवाला नव्हे, मलाच सांगतायत.

बारा दिवस सगळे बोरिवलीला नणंदेकडे राहिले. परत आले तेव्हा घर खरोखर मोठं झालं होतं. दारापासून गॅलरीच्या ग्रिलपर्यंत एकच फिकट बिस्किटी लादी, मध्ये पट्टी नाही, उंबरा नाही, आणि गॅलरीची पायरी तर लादीत अशी विरघळून गेलेली की नंदू मिस्त्रीने स्वतःच तिथे एकदा ठेच खाल्ली. प्रांजल नाचली. सुयोग म्हणाला, "झकास, यार!"

आप्पा दारात उभे होते. खूप वेळ उभे होते. खाली बघत होते आणि पाऊल टाकत नव्हते. मानसीला वाटलं, आता बोलतील, आता विचारतील, कुठे आहे तांबडा? मग आप्पांनी भिंतीला हात टेकला, चपला काढल्या आणि आत आले.

"बरी झाली," एवढंच म्हणाले.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, मानसीला नऊ तासही मिळाले नाहीत. त्या दिवसापासून आप्पा घरात पाहुण्यासारखे वावरू लागले. भिंतीला हात लावून चालायचे. नव्या रंगावर कमरेच्या उंचीला हाताचा मळकट पट्टा उमटला, हॉलपासून संडासापर्यंत. मानसी दर शनिवारी ओल्या फडक्याने तो पुसायची, सुयोगच्या लक्षात येऊ नये म्हणून. गॅलरीत बसून पेपर वाचणं त्यांनी सोडलं. खुर्ची आतल्या खोलीत आणवली. म्हणाले, थयसर वारो लागता. पेपर हातात असायचा, पान उलटलेलं तिला कधी दिसत नसे.

"आप्पा थकले रे एकदम," सुयोग म्हणायचा.

"वय झालं ना," ती म्हणायची. प्रत्येक वेळी तीच म्हणायची.

आता तुम्ही म्हणाल, बाई वाईटच. वाईट नव्हती हो. वाईट असती तर रात्री झोप लागली असती. एप्रिलमध्ये तिने स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून लाल चिकटपट्टीचं रीळ आणलं, गॅलरीच्या पायरीवर लावायला. ते महिनाभर ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. लावलं तर सुयोग विचारणार, हे कशाला? आणि खरं सांगायचं तर त्या लादीवर लाल पट्टी वाईट दिसली असती. हे दुसरं कारण आठवलं की तिला स्वतःची किळस यायची, आणि तरीही रीळ ड्रॉवरमध्येच राहिलं.

मे महिन्यात एका सकाळी घरात कुणी नसताना आप्पा वाळत घातलेला पंचा आणायला गॅलरीत गेले. पायरी त्यांना दिसलीच नाही. शेजारच्या काकांनी आवाज ऐकला, त्यांच्याकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडलं. डावं मनगट मोडलं होतं, कपाळाला चार टाके पडले.

"वय झालं हो," शेजारचे काका हॉस्पिटलात मानसीला धीर देत होते. "तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. इतकं करतं कोण सासऱ्याचं?"

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी आप्पांच्या डोळ्यांपुढे बोट नाचवलं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथे अर्धा दिवस तपासण्या झाल्या. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण खरं दुखणं काचबिंदूचं आहे. कडेचं सगळं गेलंय, मधलंही पुसट आहे, फिक्या रंगातला फरक त्यांना कळत नाही. जे गेलं ते परत येणार नाही. आता थेंब रोज घालायचे, उरलंय तेवढं टिकतंय का बघायचं.

"घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. "सहा-सात महिने आधी आला असतात तर बरंच वाचवता आलं असतं."

सुयोगचा चेहरा पडला. "माझंच चुकलं," तो म्हणाला. "मी रोज बघतो त्यांना. मला कळायला हवं होतं." परतीच्या रिक्षातही तो हेच म्हणत होता, आणि मानसी त्याच्या शेजारी बसून ते ऐकत होती. नवरात्र ते मे. तिला बोटांवर मोजायचीही गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आप्पांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. थेंब घातले की पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. आप्पा पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, प्लास्टरचा हात उशीवर. ती स्टुलावर घड्याळ बघत होती.

"मानसी," ते डोळे मिटूनच म्हणाले, "तुका एक सांगूचा होता. तू माझी लाज राखलंस."

"काय, आप्पा?"

"त्या दुपारी. ते तुकडे घेऊन इललंस तेव्हा. मी कायतरी भलताच बोललंय, माका तेव्हाच कळला. तू गप्प झालंस मा जराशी? तेच्यावरून कळला. तुका समाजला, की ह्या म्हाताऱ्याक दिसना नाय. नि तरी तू हो म्हटलंस. कोणाक बोलूक नाय. सुयोगाक पण नाय."

मानसीने बाटलीचं झाकण फिरवून बंद केलं.

"माझो मोठो भाव, भाऊराव. तेचे डोळे गेले, नि लोकांनी तेका भायर खळ्यात नेऊन बसवल्यानी. घरात काय ठरवूचा असला तर कोण इचारी नाय. तेच्यासमोर तेच्याच मरणाच्या गोष्टी करीत. माका तसा नको होता गो. म्हणून गप्प रवलंय. लादी घातली तेव्हा पाय ठेवल्याबरोबर कळला, सगळा एकच आसा. म्हटला, असू दे. पोरीन आपला झाकल्यान, आपण तिची हौस झाकूया. घरात एकाक तरी म्हायत आसा, नि ता आपल्याक संभाळून घेता. ह्या एका गोष्टीवर मी सात म्हयने काढलंय."

इथे मानसी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सासऱ्याने तिला न मागता देवी करून टाकलं होतं. नुसतं त्यांच्या हातावर हात ठेवायचा होता, डोळ्यांत पाणी तर आलेलंच होतं, आणि जन्मभर त्या घरात तिच्यासारखी सून नाही असं झालं असतं. तिने हात पुढे केलाही. मग मागे घेतला. ह्या माणसाला आणखी एकदा फसवणं तिच्याच्याने होईना.

"आप्पा, मी तुमची लाज नाही राखली," ती म्हणाली. "मला तो रंग हवा होता."

ती सांगतच राहिली.

"तुम्ही चुकीचा तुकडा उचललात आणि मला बरं वाटलं. आता वाद संपला, असं वाटलं. तुम्हाला दिसत नाही हे मला कळलं होतं. बोलले असते तर डॉक्टरकडे गेलो असतो आणि लादी राहिली असती. म्हणून नाही बोलले. नंतर बोलायचं म्हटलं तर मग तेव्हा का नाही बोललीस, असं सगळ्यांनी विचारलं असतं. म्हणून नंतरही नाही बोलले. डॉक्टर म्हणाल्या ना सात महिने, ते मी घालवले. सुयोगने नाही. मी."

पाच मिनिटं होऊन गेली होती. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे माका वाटला तसा काय नव्हता."

"नव्हतं, आप्पा."

"कोणाकच म्हायत नव्हता म्हणजे. तसा म्हटला तर."

तिला रडू फुटलं. डोळे गेल्याचं कळलं तेव्हा डॉक्टरांच्या खोलीतसुद्धा या माणसाचा चेहरा असा झाला नव्हता. डोळे देवाने नेले, असं त्यांनी म्हटलं असतं आणि सोसलं असतं. पण कुणीतरी सांभाळून घेतंय हा आधार तिने नेला होता, आत्ता, खरं बोलून, आणि तो त्यांना परत कसं द्यायचं हे कुठल्याच डॉक्टरला ठाऊक नव्हतं. तिने त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय आखडून घेतला नाही, आणि आशीर्वादही दिला नाही.

"माफी नको मागू," ते म्हणाले. "माफी देऊन माका काय दिसतला? एक कर. ह्याच्यापुढे माका दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघूचा लागतला. सुयोग दिवसभर भायर. प्रांजल शाळेत. म्हणजे तुझ्याच डोळ्यांनी. तू पांढरा म्हटलंस तर माका पांढरा, काळा म्हटलंस तर काळा. तेव्हा आता खोटा सांगू नको. चांगला असो, वायट असो. जा काय दिसता ता सांगत ऱ्हव. जमतला?"

"जमेल."

आप्पांनी डोळे उघडले. ते तिच्याकडे वळले नाहीत, दाराच्या दिशेला कान देऊन बसले.

"थय कोण उभो आसा? मघाशीच लॅच वाजलो."

मानसीने मान वळवली. आतल्या खोलीच्या दारात सुयोग उभा होता. बॅग खांद्यालाच होती.

"सुयोग आलाय," ती म्हणाली.

"मगे बोलत कित्याक नाय? सगळा ऐकल्यान काय तेणा?"

"हो. ऐकलं."

"कसो दिसता तो? सांग."

मानसीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने तो चेहरा असा कधी पाहिला नव्हता. तिला मान खाली घालायची होती. पण आप्पा वाट बघत होते, आणि नीट बघितल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. म्हणून ती बघत राहिली.

"ओठ घट्ट मिटलेत," ती म्हणाली. "डोळ्यांत पाणी आहे. तुमच्याकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघतोय आप्पा, आणि अनोळखी बाई घरात शिरावी तसा बघतोय."